पास्त्याऐवजी कमी कॅलरीच्या नूडल्स: सगळा खेळ पाण्याचा

कोरडा पास्ता शिजताना पाणी पितो. 80 ग्रॅम पास्ता उकळत्या पाण्यात टाकला की दहा-बारा मिनिटांत तो 180 ते 200 ग्रॅम भरतो. पाणी पिता पिता तो अंगचा थोडा स्टार्च भांड्यातल्या पाण्यात सोडतो, आणि त्याच पाण्याचा एखादा डाव सॉसमध्ये घातला की सॉस छान मिळून येतो. पास्त्याच्या जवळपास सगळ्या रेसिपी याच हिशोबावर बेतलेल्या आहेत.

पास्त्याच्या जागी वापरायच्या कमी कॅलरीच्या नूडल्सचं गणित बरोबर उलटं आहे. त्यांच्यात पाणी आधीच ठासून भरलेलं असतं: काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनी या भाजीत साधारण 95 टक्के, कोंजॅक नावाच्या कंदापासून केलेल्या शिराताकी नूडल्समध्ये 97 टक्क्यांच्या आसपास. गरम झाल्यावर त्या पाणी पीत नाहीत, सोडतात. स्टार्च तर त्यांच्याकडे जवळजवळ नसतोच. त्यामुळे नेहमीच्या रेसिपीत फक्त पास्ता काढून या नूडल्स टाकल्या की वर फिकट, बेचव धागे आणि खाली पाणचट सॉसचं तळं अशी ताटली समोर येते. बहुतेक लोक इथेच हा नाद सोडतात. प्रत्यक्षात तीन गोष्टी सांभाळल्या की काम होतं: नूडल्समधलं पाणी आधी काढायचं, सॉस नेहमीपेक्षा जास्त आटवायचा आणि जो स्टार्च इथे नाही त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरायची. पुढचा सगळा तपशील या तीन गोष्टींचाच आहे.

कमी कॅलरीचं नेमकं काय?

इथे फसगत फार होते. राइस नूडल्स, मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स, चण्याचा किंवा मसुरीचा पास्ता हे सगळे गव्हाच्या पास्त्याला पर्याय आहेत, पण कमी कॅलरीचे नाहीत. कोरड्या वजनावर मोजलं तर 100 ग्रॅममागे साधारण 340 ते 370 कॅलरी त्यांच्यातही असतात, म्हणजे गव्हाच्या पास्त्याइतक्याच. चण्याच्या पास्त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त मिळतात, ती त्याची खरी जमेची बाजू. पण वजन कमी करायचं म्हणून तो पोटभर खाल्ला तर हिशोब जुळणार नाही. रताळ्याचे धागेही याच गटात धरावेत. भाजी असली तरी रताळं 100 ग्रॅमला 86 कॅलरी देतं.

खऱ्या अर्थाने हलके पर्याय थोडेच आहेत. 100 ग्रॅममागे शिराताकीत 5 ते 15 कॅलरी, झुकिनीत 17, कोबीत 25, स्पॅगेटी स्क्वॉश नावाच्या भोपळ्यात 30 च्या आसपास. पाम झाडाच्या कोवळ्या गाभ्याच्या नूडल्सही साधारण तेवढ्याच. समुद्री शेवाळाच्या केल्प नूडल्स दहाच्या आतबाहेर. तुलनेला शिजलेला पास्ता घ्या: 100 ग्रॅमला जवळपास 155 ते 160.

पाकिटावरचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकाच प्रकारच्या शिराताकीच्या एका पाकिटावर शून्य आणि दुसऱ्यावर 10 कॅलरी लिहिलेल्या असतात, आणि दोन्ही पाकिटं नियमाप्रमाणेच असतात. युरोपातल्या लेबलांवर तंतूंच्या एका ग्रॅमला 2 कॅलरी धरतात. अमेरिकेत एका वाढपात 5 पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापायला परवानगी आहे. फरक मोजणीचा आहे, मालाचा नाही. पाकिटाचं वजन पाण्यासकट दिलंय की निथळून, तेवढं मात्र पाहून घ्या.

शिराताकी: वास, चिवटपणा आणि त्यामागचं कारण

कोंजॅक हा सुरणाच्याच प्रजातीतला कंद. जपानमध्ये तो पूर्वापार खाल्ला जातो आणि तिथलं 90 टक्क्यांहून अधिक पीक एकट्या गुन्मा प्रांतातून येतं. या कंदात ग्लुकोमॅनन नावाचा विद्राव्य तंतू असतो. तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, आणि आपल्या पचनरसांना त्याचे दुवे तोडता येत नाहीत. कॅलरी कमी असण्याचं सगळं रहस्य एवढंच: थोडासा तंतू आणि बाकी पाणी.

नूडल्स करताना कंदाची पूड पाण्यात भिजवून तिचा चिकट लगदा करतात आणि त्यात चुन्याची निवळी घालतात. चुन्याच्या अल्कलीमुळे ग्लुकोमॅननच्या साखळीवरचे अॅसिटिल गट गळून पडतात, साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात आणि लगद्याचं जेल होतं. मग सोऱ्यातून शेव पाडावी तसा हा लगदा बारीक भोकांतून गरम पाण्यात सोडतात. असं जमलेलं जेल पुन्हा वितळत नाही. जिलेटिन गरम केलं की पाणी होतं, हे कितीही उकळलं तरी तसंच राहतं. म्हणूनच शिराताकी शिजवणं असा काही प्रकार नसतो. ती पाकिटात शिजलेलीच येते. तुम्हाला फक्त तिचा वास घालवायचा असतो, पाणी काढायचं असतं आणि तिला चव लावायची असते.

पाकीट फोडल्याबरोबर मासळीसारखा उग्र वास येतो. माल खराब झाला असं समजून पुष्कळ जण पाकीट टाकून देतात. हा वास पाकिटातल्या अल्कलीयुक्त पाण्यातल्या अमाइन्सचा असतो. अमाइन्स अल्कलीत मोकळी राहतात आणि हवेत उडतात, म्हणून नाकाला लगेच जाणवतात. आंबट पाण्यात त्यांचे क्षार बनतात. क्षार हवेत उडत नाहीत, त्यामुळे वास जातो. धुताना लिंबू किंवा व्हिनेगर वापरायचं ते यासाठी. पाकीट फुगलेलं असेल किंवा आतलं पाणी बुळबुळीत, तारा सुटणारं असेल तर मात्र ते खरंच खराब आहे, टाकून द्या.

आता कृती. प्रमाण एका माणसाचं, निथळलेली शिराताकी 200 ग्रॅम.

चाळणीत ओतून वाहत्या थंड पाण्याखाली मिनिट-दोन मिनिटं हाताने चोळून धुवा. कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. धागे खूप लांब असतात आणि दाताने सहज तुटत नाहीत. एक लिटर पाणी उकळून त्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस घाला, नूडल्स त्यात 2 ते 3 मिनिटं उकळा, चाळणीत ओतून चांगल्या निथळू द्या. लगेच पुढचं करायला घेऊ नका, पाच मिनिटं चाळणीतच राहू द्या आणि मध्ये एकदा चाळणी आपटून घ्या.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात: कोरडं परतणं. रुंद तवा किंवा फ्रायपॅन घ्या, तेल अजिबात घालू नका. नॉनस्टिक भांडं असेल तर रिकामं तापवत बसू नका, नूडल्स घालूनच आच मध्यमच्या थोडी वर करा. पहिली दोन मिनिटं भरपूर वाफ येते आणि तळाशी पाणी दिसतं. मग तळ कोरडा पडतो, चरचर कमी होते. साधारण सहाव्या ते आठव्या मिनिटाला उलथण्याने नूडल्स सरकवल्या की त्यांच्यातूनच चिरचिर असा आवाज येऊ लागतो, ओल्या काचेवर बोट घासल्यावर येतो तसा काहीसा. काचेसारखी चमक जाऊन पृष्ठभाग मंद, किंचित पांढुरका दिसतो आणि धागे तळाला हलकेच धरू लागतात. इथेच थांबायचं.

याच्या अलीकडे थांबलात तर वरची निसरडी ओल तशीच राहते आणि सॉस घसरून खाली जातो. पलीकडे गेलात तर जेलमधलं पाणीही जाऊ लागतं, धागे बारीक होतात आणि रबर बँडसारखे चिवट लागतात. पास्ता जास्त शिजला तर गिचका होतो, शिराताकी जास्त तापली तर कडक होते. हा फरक हाताला बसायला थोडा वेळ लागतो. तेल आधी घातलं तर धाग्यांवर ओशट थर बसतो आणि पुढे सॉस त्यांना धरत नाही. म्हणून तेल नेहमी परतून झाल्यावर.

परतलेल्या नूडल्स अजून बेचवच असतात. पास्त्यात मीठ शिजतानाच शिरतं. जेलमध्ये ते हळूहळू झिरपतं. त्यामुळे तव्यावरच तीन-चार मोठे चमचे चांगला खारट, दाट स्टॉक किंवा सोया सॉस घातलेलं पाणी घाला आणि ते आटेपर्यंत परता. मग सॉस घाला, गॅस बंद करा, झाकून दहा मिनिटं मुरू द्या. पास्ता गरम गरम वाढावा लागतो, उशीर झाला की लगदा होतो. शिराताकी मात्र थोडी मुरलेलीच चांगली लागते. अंगासरशी रस्सा असलेल्या, लसूण-मिरची-आलं-सोया अशा तीव्र चवींच्या पदार्थांत ती सर्वांत जास्त शोभते. नुसतं लोणी आणि मिऱ्याची पूड अशा नाजूक प्रकारात ती घालू नये, कारण तिथे पास्त्याची स्वतःची गव्हाळ चवच मुख्य असते आणि ती इथे येणार नाही.

सोयाबीन घातलेली टोफू शिराताकीही मिळते. ती अपारदर्शक आणि मऊ असते, कॅलरी किंचित जास्त, तोंडात पास्त्याच्या जास्त जवळ. पद्धत हीच, पण कोरडं परतणं 3 ते 4 मिनिटंच. जास्त हलवली तर तुटते. पहिल्यांदा करणाऱ्याने याच प्रकारापासून सुरुवात करावी असं आम्ही सुचवू.

खाताना नीट चावायचं आणि सोबत पाणी प्यायचं. ग्लुकोमॅननच्या कोरड्या गोळ्या घशात फुगून अडकल्याची उदाहरणं आहेत, आणि छोट्या कपातल्या कोंजॅक जेलीने गुदमरण्याचा धोका असल्याने युरोपीय संघाने त्या प्रकारच्या जेलीत कोंजॅक वापरण्यावर बंदी घातली. नूडल्स आधीच पूर्ण फुगलेल्या असतात, त्यामुळे त्या घशात आणखी फुगत नाहीत. तरी न चावता गिळलेले लांब धागे पोटात तसेच राहतात. लहान मुलं, गिळायला त्रास होणारी माणसं, जठर हळू रिकामं होण्याचा आजार असलेले किंवा आतड्यांची शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. मधुमेहाची औषधं चालू असतील तरी विचारून घ्यावं, कारण हा तंतू साखरेचं आणि काही औषधांचंही शोषण हळू करतो. धडधाकट माणसानेही पहिल्या वेळी 100 ग्रॅमच खावं. 200 ग्रॅममध्ये साधारण 6 ग्रॅम तंतू एकदम पोटात जातो आणि सवय नसेल तर पोट फुगतं.

ग्लुकोमॅननने वजन उतरतं का? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये वजन कमी होण्याला त्याचा हातभार लागतो हे मान्य केलं, पण अटी घालून: दिवसाला 3 ग्रॅम, एक-एक ग्रॅम तीन वेळा, जेवणाआधी एक-दोन पेले पाण्यासोबत, आणि एकूण आहारातल्या कॅलरी कमी ठेवलेल्या असताना. शेवटची अट सर्वांत मोठी आहे. रात्री शिराताकी आणि दिवसभर वाटेल ते, असं चालत नाही.

झुकिनी: मीठ कधी, आच किती

झुकिनीचे धागे करणं सोपं, ते धागे राहू देणं अवघड. भाजीच्या प्रत्येक पेशीत पाण्याची पिशवी असते आणि तिच्या ताणामुळे भाजी ताठ राहते. साधारण 60 अंश सेल्सियसच्या पुढे पेशींची आवरणं निकामी होतात आणि आतलं पाणी बाहेर येतं. मीठही तेच करतं, फक्त थंडपणी: बाहेर खारट पाणी झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. म्हणजे पाणी सुटणारच. ते चाळणीत सुटावं की ताटलीत, एवढंच आपल्या हातात आहे.

झुकिनी घेताना सरळ, घट्ट, 15 ते 20 सेंटिमीटर लांब आणि 4 ते 5 सेंटिमीटर जाडीची घ्या. मोठ्या, जुन्या झुकिनीचा गाभा स्पंजासारखा आणि बियांनी भरलेला असतो. त्याचे धागे होत नाहीत, तुकडे पडतात. साल काढू नका, धाग्याला आधार तिचाच असतो. स्पायरलायझर (भाजीचे लांब धागे काढायचं यंत्र) असेल तर 3 मिलिमीटरच्या जवळचं पातं लावा. नसेल तर दातेरी सोलाण्याने उभे धागे काढा, आणि चारही बाजूंनी बियांपर्यंत आलात की थांबा. तो गाभा सॉसमध्ये चिरून घाला. साध्या सोलाण्याने रुंद फितीही निघतात. फिती कमी वेळात शिजतात आणि सॉस जास्त धरतात, त्यामुळे दाट सॉस असेल तर फितीच बऱ्या.

चिरण्याआधी एक छोटा तुकडा चाखा. जहर कडू लागला तर अख्खी झुकिनी फेकून द्या. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो. शिजवूनही ती जात नाहीत आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात. असं क्वचितच घडतं, पण चाखायला दोन सेकंद लागतात.

500 ग्रॅम धाग्यांना एक लहान चमचा, म्हणजे 5 ते 6 ग्रॅम मीठ हलक्या हाताने लावून चाळणीत 20 ते 30 मिनिटं ठेवा. खाली बरंच पाणी जमतं. मग धागे स्वच्छ कापडात गुंडाळून दाबा. पिळा घालू नका, धागे तुटतात. धुऊही नका, नाहीतर काढलेलं पाणी परत शिरेल. थोडं मीठ आत राहतं, म्हणून सॉसमध्ये मीठ कमी घालायचं. ही पायरी विसरली तर पदार्थ खारट होतो, आणि मग लोक मीठ लावण्यालाच दोष देतात.

तवा चांगला तापवा, एक लहान चमचा तेल घाला, एका वेळी 250 ग्रॅमपेक्षा जास्त धागे टाकू नका. मोठ्या आचेवर 60 ते 90 सेकंद, चिमट्याने उचलून उलटत राहा. धागा वाकतो पण चावल्यावर मध्ये करकरीत लागतो, तेव्हा उतरवा. झाकण कधीच ठेवायचं नाही. तव्यात गर्दी झाली किंवा झाकण पडलं की वाफ कोंडते, भाजी परतायच्या ऐवजी उकडली जाते आणि सगळ्याचा लिबलिबीत गोळा होतो. मीठ लावायला वेळच नसेल तर मीठ न लावता हेच करा आणि मीठ थेट ताटलीत वरून घाला.

सॉस वेगळ्या भांड्यात गरम करून वाढताना वरून घाला. झुकिनी सॉसमध्ये घालून उकळत ठेवली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. वरून किसलेलं खारट चीजही पाणी ओढतं, म्हणून तेही शेवटी. वाढल्यावर पाच-सात मिनिटांत खाऊन व्हावं.

बाकीचे प्रकार

कोबीला या यादीत कोणी फारसं मोजत नाही, आणि ते चुकीचं आहे. 5 ते 6 मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापून, जाड शिरा वगळून, थोड्या तेलावर मोठ्या आचेवर 8 ते 10 मिनिटं परतल्या की कडा तांबूस होतात आणि एक खमंग गोडवा येतो. पाणी झुकिनीपेक्षा कमी सुटतं, दुसऱ्या दिवशीही पदार्थ बरा लागतो, खास यंत्र लागत नाही. क्रीमसारख्या दाट सॉसला सर्व भाज्यांत कोबीच सर्वांत चांगला साथ देतो.

स्पॅगेटी स्क्वॉश भाजला की आतला गर आपोआप धाग्यांत सुटतो. बहुतेक जण तो उभा कापतात आणि मग धागे आखूड निघाले म्हणून हिरमुसतात. हे धागे फळाच्या आत आडवे, गोल फिरलेले असतात. फळ आडवं, 3 ते 4 सेंटिमीटर जाडीच्या कड्यांत कापलं, बिया काढल्या आणि 200 अंशांवर साधारण 30 मिनिटं भाजलं की काट्याने लांब धागे सुटतात. काटा सालीत रुतला पण गर अजून दाताला लागतो अशी अवस्था हवी. त्यापुढे गेला की धागे जाऊन नुसता गर उरतो.

पामच्या गाभ्याच्या नूडल्स खारवलेल्या, आंबट पाण्यात येतात. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा असतो. दोन-तीन पाण्यांनी धुऊन 15 ते 20 मिनिटं दुधात बुडवून ठेवल्या की तो बोथट होतो. टोमॅटोच्या सॉसमध्ये मात्र भिजवायचीही गरज नाही, आंबटात आंबट खपून जातं. त्या सॉसमध्ये 5 ते 8 मिनिटं उकळल्या तरी चालतात, किंबहुना उकळाव्याच. झुकिनीचा नियम इथे लावू नका.

केल्प नूडल्स समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या असतात. कॅल्शियमने अल्जिनेटच्या साखळ्या बांधलेल्या असतात म्हणून त्या कचकचीत लागतात. मऊ हव्या असतील तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला (फसफसेल, भांडं मोठं घ्या), त्यात नूडल्स 10 ते 15 मिनिटं ठेवा आणि मग खूप धुवा. लिंबातलं सायट्रेट कॅल्शियमला पकडतं आणि त्याची जागा सोड्यातलं सोडियम घेतं, त्यामुळे जाळं सैल होतं. जास्त वेळ ठेवल्या तर चिकट होऊन विरघळू लागतात. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी शेवाळातल्या आयोडीनबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

सॉस

पास्त्याचा सॉस मुद्दाम थोडा पातळ ठेवतात, कारण पास्ता त्यातला ओलावा पुढेही ओढत राहतो. इथे ओढणारं कोणी नाही. 400 ग्रॅम टोमॅटोची प्युरी असेल तर ती जवळपास निम्मी होईपर्यंत आटवा. पळीने तळावर रेघ ओढली की ती दोन-तीन सेकंद मोकळी राहिली पाहिजे. हा सॉस नुसता चाखला तर जास्तच दाट आणि किंचित खारट वाटायला हवा. नूडल्समध्ये मिसळल्यावर बरोबर होतो. मीठ लावलेली झुकिनी असेल तेव्हा खारटपणाचा हा नियम सोडून द्या.

स्टार्चची उणीव सगळ्यांत जास्त कळते ती चीजच्या सॉसमध्ये. गरम पाण्यात चीज घातलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळी होते आणि चरबी वेगळी तरंगते. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन हे टाळतो. नूडल्स उकळलेल्या पाण्यात तो नसतो, म्हणून ते पाणी सॉसमध्ये घालण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी 150 मिलिलिटर स्टॉकला एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला, एक मिनिट उकळा, आच बंद करा आणि मगच चीज थोडं थोडं मिसळा. कॉर्नफ्लोअरच्या त्या चमच्याने जेमतेम 10 कॅलरी वाढतात. कॅलरी वाचवायच्या म्हणून एवढं टाळू नये.

क्रीमच्या जागी उकडलेला फ्लॉवर फार चांगलं काम करतो. 200 ग्रॅम फ्लॉवर अगदी मऊ उकडा, 50 मिलिलिटर गरम दूध, 20 ग्रॅम मुरलेलं कडक चीज, एक पाकळी परतलेला लसूण आणि मीठ घालून मिक्सरमध्ये पूर्ण गुळगुळीत वाटा. दोन माणसांना पुरतो आणि सगळा मिळून 160 कॅलरींच्या आसपास जातो. फ्लॉवर अर्धवट उकडलेला असेल तर सॉस रवाळ लागतो. सुरी आरपार सहज गेली पाहिजे.

ताटलीचा एकूण हिशोब

80 ग्रॅम कोरड्या पास्त्याच्या साधारण 285 कॅलरी. त्यावर दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल म्हणजे 240, आणि 30 ग्रॅम कडक चीज म्हणजे आणखी 120. एकूण 645. पास्त्याच्या जागी 200 ग्रॅम शिराताकी आली तर ताटली 380 च्या घरात येते. वाचल्या 265 च्या आसपास, पण उरलेल्या जवळजवळ सगळ्या तेल-चीजच्या. नूडल्स न बदलता तेल एक चमचा केलं असतं तरी 120 वाचल्या असत्या. म्हणून आधी तेल चमच्याने मोजायला शिकावं, नूडल्स नंतर बदलाव्यात.

दुसरी गोष्ट भुकेची. 80 ग्रॅम गव्हाच्या पास्त्यातून साधारण 10 ग्रॅम प्रथिनं मिळतात, हे कुणाच्या लक्षात नसतं. शिराताकीत शून्य, 250 ग्रॅम झुकिनीत जेमतेम 3. प्रथिनं कमी आणि स्टार्च नाही अशी ताटली पोट तात्पुरतं भरते, दोन तासांनी माणूस बिस्किटांचा डबा उघडतो आणि वाचवलेलं सगळं परत जातं. त्यामुळे या नूडल्ससोबत 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं ठेवायचीच: 100 ग्रॅम शिजलेलं चिकन, किंवा दोन अंडी आणि 100 ग्रॅम उकडलेले चणे, किंवा मासा, किंवा टोफूचा चांगला मोठा तुकडा. वाढत्या वयाची मुलं, गरोदर स्त्रिया, आजारातून उठलेली माणसं, आधीच वजन कमी असलेले यांच्या ताटात पास्त्याच्या जागी या नूडल्स ठेवू नयेत. त्यांना त्या कॅलरींची गरज असते.

आणि सगळ्यांत टिकणारा मार्ग विचाराल तर तो निम्म्या-निम्म्याचा. 40 ग्रॅम स्पॅगेटी फक्त 600 मिलिलिटर पाण्यात उकळा. पाणी कमी असल्याने त्यात स्टार्च दाट उतरतो. शेवटच्या 30 सेकंदांत 200 ग्रॅम झुकिनीचे धागे त्यातच सोडा, लगेच चाळणीत ओता, आणि त्याआधी अर्धी वाटी पाणी बाजूला काढायला विसरू नका. पास्ता आणि झुकिनी मिळून 175-180 कॅलरी होतात, म्हणजे नेहमीपेक्षा शंभरहून अधिक कमी. गव्हाची चव राहते, सॉस मिळून येतो, ताटलीही भरलेली दिसते. शिराताकी घ्यायची असेल तर 150 ग्रॅम घ्या, वर सांगितल्याप्रमाणे कोरडी परतून शेवटी मिसळा.

उरलेलं कसं ठेवायचं

फोडलेल्या पाकिटातली शिराताकी स्वच्छ पाण्यात पूर्ण बुडवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी रोज बदललं तर दोन-तीन दिवस टिकते. फ्रीझरमध्ये चुकूनही टाकू नका: बर्फाचे कण जेलचं जाळं पिळून काढतात, आणि वितळल्यावर पाणी एकीकडे व चिवट, स्पंजासारखा धागा एकीकडे असं होतं. झुकिनीचे कच्चे, मीठ न लावलेले धागे कागदी टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात दोन दिवस राहतात. टॉवेल ओला झाला की बदला. शिजवलेली झुकिनी ठेवण्यात अर्थ नाही, उरलीच तर वाटून सूपमध्ये घाला. सॉस मात्र चार-पाच दिवस फ्रिजमध्ये आणि दोन-तीन महिने फ्रीझरमध्ये छान राहतो, म्हणून तो जास्तीचा आटवून ठेवा आणि नूडल्स त्या त्या वेळी ताज्या करा.